मोहोरावर विकलेलं स्टेडियम

आमचे शेजारी रघुतात्या मयेकर यांच्या सदऱ्याच्या खिशात कायम दोन कार्डं असतात, एक पिवळं आणि एक लाल. रेफ्रीकडे असतात तशी. आमटी अळणी झाली की काकूंना पिवळं. एस्टी उशिरा आली की कंडक्टरला पिवळं, आणि तो उलट बोलला की लाल. एकदा सत्यनारायणाच्या कथेत भटजींनी घाईघाईत अख्खा अध्याय गाळला, तर तात्यांनी भर पूजेत लाल कार्ड वर केलं. भटजी खरोखरच पळी-पंचपात्र आवरायला लागले हो!

तीस वर्षं मालवाहू बोटीवर काढलेला माणूस. जगातलं एक बंदर सोडलं नाही आणि बंदरातला एक फुटबॉलचा सामना सोडला नाही. त्यामुळे रत्नागिरीच्या बाजारात सुरमई महाग निघाली तरी तात्या ओरडणार, "रॉटरडॅमला असं चालत नाही!" मासेवाली म्हणणार, "मग जावा, तिथनंच आणा!"

या माणसाने आमच्याकडे व्यावसायिक फुटबॉलचं स्टेडियम आणलं. मी मास्तर आहे, खोटं सांगितलं तरी थोडंच सांगतो.

तशी घोषणा जुनी. दर निवडणुकीआधी वरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या माळावर, भूमिपूजन ठरलेलं. त्या कातळावर इतके नारळ फुटले की सबंध जिल्ह्याची वर्षाची सोलकढी झाली असती. कातळ तेवढा फुटला नाही. सरकार म्हणे, निम्मे पैसे आम्ही देतो, निम्मे तुम्ही उभे करा, आणि आधी जमीन मोकळी करून द्या. मुंबईचा क्लब म्हणे, आधी बांधा, मग संघ आणतो. आणि आमचे पुढारी म्हणत, सगळं करतो, फक्त नाव आमच्या वडिलांचं द्या.

यंदाच्या भूमिपूजनाला तात्या सरळ स्टेजवर चढले आणि पुढाऱ्यांच्या नाकासमोर पिवळं कार्ड धरलं. "कातळ आमचा, पैसे आमचे, नि नाव तुमच्या वडिलांचं? रॉटरडॅमला असं चालत नाही!"

"मग आणा की निम्मे पैसे!" पुढारी भडकले.

"आणतो!"

कोकणात आंब्याची बाग मोहोरावर देतात. झाडावर फळ दिसायच्या आत व्यापारी पैसे मोजून मोकळा होतो. तात्यांनी खुर्च्या मोहोरावर विकायला काढल्या. चुन्याने कातळावर चौकोन आखले, प्रत्येकाला नंबर दिला. पैसे देईल त्याचं नाव त्या खुर्चीवर कायमचं. "स्टेडियमला वेगळं नाव हवंय कशाला? जेवढ्या खुर्च्या तेवढी नावं!"

खेडपासून गुहागरपर्यंत माणसं तुटून पडली. पुढे तर लोक रविवारी डबा, छत्री घेऊन आपापल्या चौकोनात येऊन बसायला लागले आणि समोर चरणाऱ्या म्हशी बघायला लागले. "तुमच्या टोपीमुळे मला मैदान दिसत नाही," यावरून मारामारी व्हायची वेळ आली. मैदान कुठे होतं? पण गर्दी बघून पुढाऱ्यांनी मनात मतं मोजली आणि वडिलांचं नाव आपण होऊनच मागे घेतलं.

राहिली जमीन. सातबाऱ्यावर नावं त्रेचाळीस! तात्यांनी प्रत्येकाला फुकट खुर्ची कबूल केली आणि भांडलेल्या चुलत्या-पुतण्यांना मैदानाची समोरासमोरची टोकं दिली. बेचाळीस सह्या झाल्या. त्रेचाळिसावं नाव तात्यांच्या सख्ख्या धाकट्या भावाचं, गुहागरच्या बाळाकाकांचं. बापाची होडी कुणी विकली यावरून अठरा वर्षं अबोला. आणि जमिनीसाठी सरकारने दिलेली मुदत संपायला चार दिवस. सही नाही तर सरकारचे पैसे गेले, म्हणजे सगळंच गेलं.

तात्या मला घेऊन निघाले. फेरीबोटीवर एरवी खलाशालाही शिकवणारा माणूस त्या दिवशी नुसता समोरच्या किनाऱ्याकडे बघत उभा राहिला.

बाळाकाका ओटीवर बसले होते.

"कोण?"

"मी."

"मी म्हणजे कोण?"

"रघू."

तरी बाळाकाका आमच्याकडे बघेनात. आतून त्यांची बायको आली. "काचबिंदूने डोळे गेले त्यांचे. दोन वर्षं झाली."

तात्यांना कुणी कळवलं नव्हतं. ते तिथेच पायरीवर बसले.

"आंधळ्याला कशाला रे मेल्या स्टेडियम?" बाळाकाका म्हणाले.

"तू नुसता येऊन बस. काय दिसतं ते मी सांगतो."

"थापा मारशील."

"मारेन."

बाळाकाकांनी हात पुढे केला. "आण कागद. अंगठा कुठे टेकू?"

स्टेडियम उभं राहिलं. पहिल्या सामन्याला सड्यावर एवढी गर्दी की समुद्र दिसेना. आमच्या संघाने मात्र तीन-शून्य असा सपाटून मार खाल्ला. तात्या बाळाकाकांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडत होते, "चेंडू आपल्याकडे बाळा! डावीकडून निघाला, दोघांना चकवलंन... गोल!"

मागच्या रांगेने एकमेकांकडे बघितलं. मग एक जण उठला आणि ओरडला, "गोल!" मग सबंध रांग, मग अख्खी बाजू उभी राहिली. समोरचा गोलकीपर दचकून जाळ्यात चेंडू शोधायला लागला. असं चार वेळा झालं. एवढा जल्लोष जिंकणाऱ्यांच्याही वाट्याला येत नाही!

सामना सुटल्यावर दरवाजात गाठ पडली. बाळाकाकांनी तात्यांचं कोपर धरलं होतं. "मास्तर, तुम्ही सांगा. शेवटी किती झाले?"

तात्या माझ्याकडे बघत होते. कुणापुढे न वाकलेला तो माणूस डोळ्यांनी अक्षरशः हात जोडत होता.

"चार-एक," मी म्हटलं.

"एक कसा रे खाल्ला, रघू?" बाळाकाका हळहळले.

"पुढच्या खेपेला नाय खाणार," तात्या म्हणाले, आणि पायरी आली म्हणून त्यांनी भावाचा हात घट्ट धरला.