सिद्रामअप्पांची ट्रायल
सिद्रामअप्पांच्या गॅरेजात गाडीखाली आधी मालकाला झोपावं लागतं. तसा नियमच आहे. अक्कलकोट रोडला पत्र्याचं शेड, आत अंथरलेलं गोणपाट, आणि त्यावर इस्त्रीच्या शर्टात उताणा मी. शेजारी अप्पा, हातात टॉर्च, गच्चीवर चांदणं बघत पडावं तसे निवांत.

"बगा मालक, रडतीया की न्हाय गाडी?"

तेल गळण्याला अप्पा रडणं म्हणतात. एक थेंब माझ्या कपाळावर पडला. मी उठायला लागलो तर म्हणाले, "तडीरी!" हे त्यांचं कन्नडमधलं 'थांबा'. दिवसातून शंभरदा म्हणतात. घाई म्हणून त्यांना खपत नाही. पानाला चुना लावला तरी तोंडात घालण्याआधी त्या पानाकडे बघत बसतात.

माझा अंड्यांचा धंदा आहे. कोंबड्यांची शेडं काळ्या रानात, चिखलातून जावं लागतं, म्हणून चारी चाकं ओढणारी पिकअप घेतली. पण महिनाभर ती साठच्या वर गेली की थरथरायला लागायची आणि दर खेपेला दोनतीन ट्रे फुटायचे. "आता डायरेक्ट ऑम्लेटच आणा," असं एका हॉटेलवाल्यानं सुनावलं होतं. आणखी आठवडाभर हे चाललं असतं तर सगळं गिऱ्हाईक तुटलं असतं हो!

अप्पांनी टॉर्च फिरवला. "माझ्या खुणा कुटं हायत?"

इंजिनाचा जोर चाकांपर्यंत नेणारा एक लांब शाफ्ट असतो. त्याचे दोन भाग एकमेकांत दाताला दात लावून बसतात. तो खोलण्याआधी अप्पा दोन्ही भागांवर पांढऱ्या रंगाची रेघ मारतात. परत बसवताना रेघेला रेघ जुळली की झालं. मागच्या वेळी त्यांनी तशा रेघा मारल्या होत्या. मी त्या दसऱ्याला, पूजेआधी गाडी धुताना, डिझेल आणि ब्रशानं घासून काढल्या. मला वाटलं, कुठला तरी चुना लागलाय.

"अरारारा! देवाला गाडी खालनं दाखवायची हुती काय?"

नंतर गळती लागली तेव्हा घाईत मी दुसऱ्याच एका मेकॅनिककडे गेलो. त्यानं सील बदललं आणि खुणा नसल्यामुळे शाफ्ट अंदाजानं बसवला. एक दात चुकला. तेव्हापासून थरथर, आणि थरथरीनं नवं सीलही गेलं. मी मान खाली घातली, म्हणजे उताण्या माणसाला घालता येते तेवढी.

पहिल्या दिवशी अप्पांनी सील बदललं, शाफ्ट जुळवला. ट्रायल घेतली, थरथर गेली. मी किल्लीसाठी हात पुढे केला. "तडीरी. बारीक हाय अजून." दुसऱ्या दिवशी शाफ्टचा जॉइंट बदलला. तिसऱ्या दिवशी शाफ्ट बॅलन्स करून आणला. मला तर काही जाणवत नव्हतं. चौथ्या दिवशी मी भरलेले ट्रेच घेऊन गेलो, मागं ठेवले आणि सत्तरनं गाडी पळवली. एक अंडं फुटलं नाही. परत येऊन चहा घेईपर्यंत हा माणूस पुन्हा गाडीखाली!

माझं डोकंच फिरलं. "अप्पा, तेल गळत नाही, अंडी फुटत नाहीत. आता काय माझं श्राद्ध घालून किल्ली देणार का?"

अप्पा बाहेर आले. हात पुसत राहिले. "अंड्यांचं सोडा ओ. अंड्याला मणका नसतोय, मालक."

मग हळूहळू निघालं. त्यांच्या बायकोचं, गौराक्कांचं, पाठीचं ऑपरेशन झालेलं. कुठल्याही गाडीत बसवलं की दहा मिनिटांत कळ उठते. माहेर मंगळवेढ्याच्या पुढं, रानातल्या वस्तीवर. तिथं गौराक्कांची आई अंथरुणाला खिळलेली. दोन वर्षं मायलेकींनी एकमेकींचं तोंड पाहिलं नव्हतं.

"तितल्या चिखलातनं तुमचीच गाडी जाती. पर थरथर ऱ्हायली तर तिला लई तरास व्हतो. आन मागायचं तरी कसं?"

"अहो, मग पहिल्याच दिवशी बोलायचं होतं की! चार दिवस मी तुम्हाला शिव्या घालतोय."

"शिव्यांचं काय ओ. रोजच्याच हायत."

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. पुढं पाठीला उशी लावून गौराक्का, स्टेअरिंगवर अप्पा, आणि मी, गाडीचा मालक, मागं हौद्यात रिकाम्या ट्रेंच्या शेजारी. ऊन डोक्यावर, धूळ तोंडात. पुढच्या खिडकीतून एकसारखं ऐकू येत होतं, "दुखतंय का गं?" आणि "न्हाय ओ! म्होरं बगून चालवा की." दर मैलाला तेच. माझे कान किटले. मंगळवेढा जवळ आलं तसं ते बोलणं बंद पडलं, आणि थोड्या वेळानं अप्पांनी गाडीच रस्त्याच्या कडेला घेतली.

आता पुन्हा काय बारीक ऐकू आलं याला? मी केबिनवर दणादणा हात मारले. "ओ अप्पा! काय झालं आता?"

अप्पा उतरले. वाकून गाडीखाली बघतील असं वाटलं, पण ते धावत मागं आले आणि माझा हात धरला. डोळे भरलेले.

"वरडू नका ओ," ते कुजबुजले. "झोपलीया ती. गाडीत झोपलीया."