चिमाजी आप्पांच्या तोंडातला विषप्रयोग

"गुन्हेगार माझ्या सावलीला भितो," असं चिंचवडचे अर्जुनराव स्वतःच सांगत, कारण सांगायला दुसरं कोणी तयार नव्हतं. जकात नाक्यावरची नोकरी सुटल्यापासून ते गुप्तहेर झाले होते आणि ही गोष्ट गुप्त राहू नये म्हणून त्यांनी दारावर पाटी लावली होती. शेजारच्या सावळाराम शिंप्याला त्यांनी मदतनीस नेमलं. सावळारामला कुणाला नाही म्हणता येत नसे, एवढीच त्याची पात्रता.

संक्रांतीच्या सुमारास म्हातारे चिमाजी आप्पा गाल धरून आले. दिवाळीच्या आधी त्यांनी पुण्याहून नवी कवळी बसवून आणली होती. आता तोंडाची नुसती आग होत होती. टाळू लालभडक, त्यावर पांढरे चट्टे. सून गवराबाई जेवणातून विष घालते, अशी त्यांची खात्री होती. तिला कायमची चऱ्होलीला माहेरी धाडायला त्यांनी बैलगाडीही सांगून ठेवली होती.

गवराबाईला विहिरीवर डोळे पुसताना सावळारामने सकाळीच पाहिलं होतं. अर्जुनरावांना मात्र भरून आलं. आजवर हरवलेल्या कोंबडीपलीकडचा गुन्हा त्यांच्या वाट्याला आला नव्हता. त्यांनी गवराबाईच्या हातची भाकरी जप्त केली आणि तपासासाठी सावळारामला खायला लावली. सावळारामने आणखी एक मागितली. मग विष चटणीत आहे, असं ठरलं. चटणीही संपली, आणि सावळाराम ढेकर देऊन जिवंत राहिला.

तेव्हा अर्जुनरावांनी डोळे मिटले. चोरांच्या टोळीने कवळीत हिरा लपवला असून तोच टाळूला टोचतो, असं त्यांनी जाहीर केलं आणि कवळी काढायला सांगितली.

आप्पा कचरले. "काढली आन् कुणी पळवली तर? बसवल्यापासून एकदाबी काढली न्हाई."

शेवटी ती निघाली. हिरा बघायला वाकलेले अर्जुनराव त्याच वेगाने मागे सरले. आत दिवाळीचा फराळ अजून शिल्लक होता.

चहा घेऊन आलेल्या सुभद्राबाईंनी, म्हणजे अर्जुनरावांच्या पत्नीने, नाकाला पदर लावला. "आप्पा, रात्रंदिवस कवळी तोंडात ठेवल्यावर दुसरं काय होणार? आधी डॉक्टरांकडे जा."

पुण्याच्या दातांच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. विष नव्हतं, बुरशी होती. जेवल्यावर चूळ भरायची, कवळी धुवायची, मऊ ब्रशने साबण लावून रोज घासायची, झोपताना काढून स्वच्छ पाण्यात ठेवायची, हिरड्या आणि जीभही साफ करायची. हे सगळं त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. तेव्हा आप्पा आरशात बघून हसण्यात गुंतले होते. तोंडात लावायला डॉक्टरांनी जांभळं औषध दिलं.

आग हळूहळू थांबली. बैलगाडीवाल्याला नको म्हणून निरोप गेला. हे प्रकरण आपणच उलगडलं, असं अर्जुनराव नाक्यानाक्यावर सांगत सुटले.

एका संध्याकाळी आप्पांची विजार द्यायला गेलेला सावळाराम उंबऱ्यातच थबकला. जेवण उरकून, कवळी काढून आप्पा जांभळ्या तोंडाने सुनेची माफी मागत होते. दातांवाचून निम्म्या शब्दांची हवा होत होती, तरी सावळारामला सगळं कळलं. गवराबाईलाही कळलं असणार. पण ती भांडी घासता घासता शांतपणे म्हणाली, "मामंजी, कवळी घालून सांगा. नीट ऐकू आलं न्हाई."