साहेबांच्या ब्राउझरमधले ढग

हवामान कार्यालयाची वेबसाइट सांभाळणाऱ्या वेबताईंनी सोमवारी भर बैठकीत छातीठोकपणे सांगून टाकलं, "उद्यापासून ढगांचं झाड कुठल्याही ब्राउझरमध्ये चुटकीसरशी उघडेल!"

झाड म्हणजे वेबसाइटच्या कडेचा मेनू. उंचावरचे ढग, मधले ढग, खालचे ढग अशा फांद्या, त्यांना पोटफांद्या आणि टोकाला फोटो. नऊ हजार ढग! आजवर पान उघडलं की अख्खं झाड एकदम यायचं आणि तोवर माणसाचा चहा पिऊन व्हायचा. आता ज्या फांदीवर क्लिक कराल, तेवढीच येणार होती. ताईंनी स्वतःच्या संगणकावर पाहिलं, नवऱ्याच्या फोनवर पाहिलं, सासूबाईंच्या टॅबवरही पाहिलं. सगळीकडे झाड वाऱ्यावर स्वार!

राहिला फक्त मोठ्या साहेबांचा संगणक. तो इतका जुना, की त्याला अहोजाहोच करावं!

मंगळवारी अकराला शिपाईमामा धापा टाकत आले. "ताई, चला! साहेबांच्या स्क्रीनवर आभाळ फाटलंय!"

वेबसाइट बाहेरच्या कंपनीकडे द्यायला साहेब टपलेलेच होते. ताई धावत सुटल्या.

खोलीत मात्र गाढ शांतता. 'क्लिकची वाट पाहा' हे बिचाऱ्या जुन्या ब्राउझरला कळलंच नव्हतं. त्यानं सगळ्या फांद्या सताड उघडल्या होत्या. वरून एकेक फोटो यायचा आणि आधीच्याला हळूच खाली सरकवायचा. पिसांसारखे, कापसासारखे, विस्कटलेल्या गादीसारखे ढग निवांत वाहत होते.

"साहेब, चुकलं! दोन मिनिटांत दुरुस्त करते!"

"श्श!" हनुवटी तळहातावर टेकवून साहेब म्हणाले. "तो बघा, टोपी घातलेला बैल."

"पण साहेब, बाराची बैठक..."

"बसा हो!"

ताई बसल्या. बैठकीला बोलवायला आलेले कारकून बसले. त्यांना शोधायला आलेल्या टेलिफोनवाल्या बाईही बसल्या. "अगदी आमच्या सासऱ्यांचं नाक!" दाराशी टेकलेले शिपाईमामा पुटपुटले. बाराची बैठक तिथेच विरून गेली. ताईंना वाटलं, आपण खुर्चीसकट तरंगतोय.

साहेब जेवायला उठले तेव्हा कुठे त्या भानावर आल्या. त्यांनी झटपट कोडमध्ये चार ओळी घातल्या: ब्राउझर जुना असेल तर साधी यादी दाखव.

साहेब परतले. यादी अर्ध्या सेकंदात उघडली!

"छान. फार वेगवान आहे," साहेब म्हणाले, पण आवाज असा, जणू सांत्वनाला आलेत. मग खाकरून हळूच विचारलं, "ते मघाचं बिघडलेलं... परत लावता येईल का? फक्त माझ्याकडे?"

तीन आठवडे खपून आणलेला वेग ताईंनी साहेबांपुरता दोन मिनिटांत काढून टाकला.

बुधवारी सकाळी त्यांच्या टेबलावर अर्जांचा गठ्ठा पडला होता. मोजून सतरा! सगळ्यांचा विषय एकच: 'आमचाही ब्राउझर जुना करून मिळणेबाबत.'