संगणकाचे पाटकरी हिरामण आप्पा

ज्याने प्राणिमात्रांच्या निवासासाठी भूमी निर्मिली आणि स्वतःच्या शयनासाठी मात्र जलाची निवड केली, त्या श्रीनारायणास प्रथम वंदन असो. आज आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. या दिवशी पाण्याने भरलेला घट दान करण्याची रीत आमच्या घरी पूर्वापार चालत आली आहे. यंदा तो घट मी ज्या गृहस्थांच्या हाती दिला, त्यांची वाचकांस ओळख करून द्यावी, एवढाच या लेखनाचा हेतू.

हिरामण आप्पा हे आमचे शहाद्यातील शेजारी. दोन घरांत भिंत एकच. कोणाकडेही लग्नाची पंगत बसली, की हे गृहस्थ आपले पान सोडून उठतात, वाढप्याच्या हातातला पाण्याचा जग काढून घेतात आणि थेट रांगेच्या शेवटच्या टोकाशी जातात. तेथून वाढीत वाढीत पुढे येतात. अग्रभागी बसलेल्या मानकऱ्यांना ठसका लागो, व्याही रुसोत, आप्पांचा क्रम बदलत नाही. एकदा खुद्द नवरदेवाच्या मामांनी पेला पुढे केला. आप्पांनी त्यांना नम्रपणे सांगितले, "टेलले पयले, मामा. तुमी हेडवर शेतस."

याचे कारण त्यांच्या पूर्वायुष्यात आहे. कालव्यावर तीस वर्षे ते पाटकरी होते. कोणाच्या शेताला किती वाजता पाणी सोडायचे आणि कधी बंद करायचे, हे काम त्यांचे. कालव्याच्या मुखाशी असणाऱ्याला पाणी आपसूक मिळते, शेपटाकडच्याला मात्र कोणीतरी जपून पोहोचवावे लागते. म्हणून आधी शेपूट, मग मुख, हा त्यांचा धर्म. निवृत्तीनंतर कालवा सुटला, धर्म सुटला नाही. पत्नी गेल्या, दोन्ही मुले सुरतेस कामाला गेली, आणि आप्पांच्या हाती एका घराचे दोन नळ तेवढे उरले.

आता माझी अडचण सांगतो. माझ्या गुरूंनी मला मुखपरंपरेने दिलेला संथापाठ आज माझ्यावाचून अन्य कोणाच्या कंठात नाही. तो माझ्या आवाजात ध्वनिमुद्रित करून ठेवावा, ही माझी अखेरची इच्छा. पुण्याचा माझा मुलगा श्रीधर इमारतींचे नकाशे करतो. त्याने आपला जुना, मोठा संगणक त्यासाठी मला आणून दिला. पोथीची पाने त्यावर हातभर मोठी दिसतात, म्हणून माझ्या अधू डोळ्यांना त्याच्यासमोरच बसावे लागते. परंतु आमच्या उन्हात तो संगणक असा तापतो आणि त्याचे पंखे असे गर्जतात, की पहिले मुद्रण ऐकून श्रीधरने विचारले, "बाबा, तुम्ही बसमध्ये बसून म्हणताय का?"

त्याच संभाषणात मी त्याला वचन दिले होते. हे मुद्रण पूर्ण झाले, की शहादे सोडून कायमचा पुण्यास येईन. वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी मी एकटा राहू नये, हा त्याचा आग्रह रास्तच होता. हे बोलणे झाले तेव्हा आप्पा समोर बसून चहा पीत होते. त्यांनी बशी खाली ठेवली आणि संगणकाच्या पेटीला हात लावून पाहिला.

"हाऊ तं तपी ऱ्हायना, गुरुजी. यले पानी द्यानं पडी."

श्रीधरने फोनवरूनच सांगितले, की अशी सोय खरोखरच असते. संगणकाच्या तापणाऱ्या भागांवर धातूचे पोकळ ठोकळे बसवायचे, त्यांतून नळीने पाणी फिरवायचे आणि तापलेले पाणी पातळ पत्र्यांच्या जाळीतून नेऊन थंड करायचे. मग पंखे हळू चालले तरी पुरते. हे सारे भाग सुरतेहून मागवता येतात. मात्र आखणी आपली आपण करावी लागते. 'आखणी' हा शब्द ऐकताच आप्पांच्या मुद्रेवर जे तेज आले, ते मी त्यापूर्वी त्यांच्या निवृत्तीच्या सत्कारातही पाहिले नव्हते.

दिवाळीनंतर सुरू झालेली ती आखणी होळीपर्यंत चालली. आप्पांनी सुतळीने पेटी मोजली. पाण्याच्या पाळ्या लिहिण्याच्या जुन्या सरकारी पाळीपत्रकांच्या कोऱ्या बाजूवर नकाशे काढले. त्यांत पाण्याच्या छोट्या टाकीला 'धरण' असे नाव होते, नळीला 'मुख्य कालवा' आणि पाणी काढून टाकण्याच्या तोटीला 'सांडवा'. पहिल्या नकाशात पंपच नव्हता. धरण आमच्या पोटमाळ्यावर होते. उतार देवाने दिला असताना यंत्र कशाला, हा त्यांचा प्रश्न. सुरतेच्या दुकानदाराला तो त्यांनी फोनवर विचारला. तो हिंदीत म्हणाला, "काका, पानी वापस ऊपर कौन ले जाएगा?" आप्पांनी पंप मान्य केला, पण तो आठवडाभर त्यांना पराभव वाटत होता.

त्याहून मोठा प्रसंग पुढे आला. संगणकात तापणारे भाग दोन. आप्पांनी प्रत्येकाच्या तोंडाशी एकेक झडप योजली आणि सुवाच्य अक्षरांत पाळीपत्रक तयार केले. सकाळचे दोन तास एका भागाला पाणी, पुढचे दोन तास दुसऱ्याला. तक्रार असल्यास अर्ज करण्याची जागाही त्यांनी खाली सोडली होती. दुकानदाराने समजावले, की एका भागातून निघालेले पाणी पुढे दुसऱ्यातून जाते. दोघांना सदैव मिळते, झडपा नकोतच. आप्पांनी फोन ठेवला आणि मजकडे पाहिले.

"दोन्हीसले एकच टाईमले पानी? मंग भांडन कसं नही व्हस?"

मी म्हणालो, की बहुधा होत नसावे. तीस वर्षे मध्यरात्री बांधावर उभे राहून ज्याने भाऊबंदांच्या हातातल्या कुऱ्हाडी खाली ठेववल्या, त्या माणसाला हे पटण्यास दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी त्यांनी पाळीपत्रकाची घडी घालून खिशात ठेवली आणि म्हणाले, की असा कालवा आपल्या नोकरीत एक जरी मिळाला असता, तरी केस इतक्या लवकर पांढरे झाले नसते.

एक मतभेद आम्हां दोघांतही झाला. काशीहून आणलेला गंगोदकाचा सीलबंद गडू माझ्या देवघरात आहे. गुरुपाठाच्या या कार्यात तेच जल फिरावे, असे मला मनापासून वाटले. आप्पांनी गडूला हात जोडले, आणि नकार दिला. नदीचे पाणी, मग ती तापी असो वा गंगा, आपल्यासोबत क्षार घेऊन येते आणि ते क्षार धातूला खातात. "पुन्य तुमले लागी, गुरुजी, पन गंज यले लागी." मी रात्रभर विचार केला. जे जल वाफ होऊन पुन्हा थेंबाथेंबाने निर्मळ होते, ते मेघातून उतरलेल्या जलासारखेच पवित्र मानावे, असे मनाशी ठरवून मी त्यांनी सुचवलेल्या बाटलीबंद, वाफेतून शुद्ध केलेल्या पाण्यास संमती दिली. दुकानदार त्यात घालण्यास लाल-निळे रंगही देत होता. आप्पांनी त्याला कळवले, की रंगाचे पाणी होळीला, कामाला नव्हे.

सारंगखेड्याच्या घोडेबाजारातून त्यांनी चामड्याचा एक तंग आणून ठेवला होता, तो घोड्याच्या पोटाखाली आवळतात तो. थंड करणारी जाळी पेटीला बांधण्यासाठी स्क्रू आलेले असतानाही त्यांनी तोच वापरला. पितळी बकलासह आमचा संगणक आता खोगीर घातल्यासारखा दिसतो.

चैत्रात जोडणी पूर्ण झाली. आता उरली गळतीची परीक्षा. संगणक बंद ठेवून केवळ पंप एक दिवस चालवायचा, प्रत्येक सांध्याखाली टिपकागद ठेवायचा आणि तो कोरडा राहतो का ते पाहायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा परसदाराने आले, वाकून पाहिले आणि मान हलवली. "गयी ऱ्हायनं, गुरुजी." गळत होतेच, खालचा एक कागद खरोखरच भिजला होता. त्यांनी सांधा आवळला. पुढच्या सकाळी तोच कागद पुन्हा ओला. मग रोजच तसे होऊ लागले. दुकानदाराने नवी रबरी कडी पाठवली, ती बसवली, तरी कागद ओला. श्रीधरने माझे पुण्याचे तिकीट दोनदा काढून दोनदा रद्द केले. माझा कंठही थकत चालला होता. पाठ आपल्या हातून राहून तर जाणार नाही ना, या चिंतेने मी जपाची माळ वाढवली.

तेराव्या दिवशी मी स्नान आटोपून नेहमीपेक्षा लवकर बाहेर आलो आणि दारातच थबकलो. आप्पा माझ्याकडे पाठ करून गुडघ्यांवर बसले होते. त्यांनी कागद उचलला, उजेडात धरला, गालाला लावून पाहिला. मग दाराजवळच्या तांब्यात बोट बुडवले आणि कागदाच्या कोपऱ्यावर हळुवार टेकवले. गंध लावावे तितक्या मायेने.

मी मागे फिरलो आणि देवासमोर जाऊन बसलो. राग आला, हे लपवीत नाही. मग नेहमीप्रमाणे हाक आली, "गुरुजी, आज बी गयनं." मी बाहेर जाऊन कागद पाहिला. त्याच वेळी श्रीधरचा फोन वाजला. त्याने विचारले, की झाले का काम. आयुष्यात मी जाणूनबुजून असत्य बोललो नाही, आणि तेव्हाही बोललो नाही. मी म्हणालो, "कागद आजही ओला आहे, बाळ." आणि फोन ठेवला.

पाटकऱ्याला बांधावरचा माणूस काय पाहून आला, हे त्याच्या आवाजावरून कळते. आप्पा खाली बसले. 

"कागद कोरडा शे, गुरुजी. बारा दिनपाईन कोरडाच शे. मीच बोट लावस."

 मग ते पुढे बोलू लागले. कालव्यावर होतो तेव्हा पहाटेपासून लोक बांधावर उभे राहत, म्हणाले, आप्पा कधी येतील म्हणून. मग तीन वर्षे कोणी उभे नव्हते. या दिवाळीपासून तुम्ही दार उघडे ठेवून बसू लागलात.

"तुमी पुन्याले गयात, मंग सकायमा मन्ही वाट कोन देखी?"

हे ऐकून मला माझीच चूक दिसली. मुलाला दिलेल्या शब्दापायी दिवसाला दहा-दहा संथा उरकून टाकण्याचा बेत मी केला होता. माझ्या गुरूंनी मला दिवसाला एकच संथा दिली होती. ती कंठात मुरल्यावाचून दुसरी नाही. जे त्यांनी इतक्या धिम्या गतीने ओतले, ते मी घाईने ओतून टाकण्यास निघालो होतो, आणि मला अडवले ते एका ओल्या बोटाने.

दुपारी मी श्रीधरला फोन करून सांगितले, की यंत्र निर्दोष आहे, उद्यापासून मुद्रण सुरू. मात्र पाठ गुरूंच्या पद्धतीने होईल, रोज एक संथा. त्याने एकूण किती, असे विचारले. तीनशे सदतीस, मी म्हणालो. त्याने मनाशी हिशेब केला.

"म्हणजे पुढच्या आखाजीपर्यंत, बाबा."

"पाठाला सुट्टी असलेले अनध्यायाचे दिवस धरलेस, तर त्याहून थोडे पुढे."

तो हसला. मग म्हणाला, की मे महिन्यात तोच इकडे येईल आणि आप्पाकाकांचा कालवा पाहून जाईल.

आज सातवी संथा मुद्रित झाली. यंत्राचा आवाज आता जवळजवळ नाहीच. आप्पांनी एक नियम घालून दिला आहे. मुद्रणापूर्वी टाकीतील पाण्याची पातळी त्यांनी स्वतः पाहायची आणि मग परवानगी द्यायची. त्याची गरज नाही, हे त्यांना ठाऊक आहे आणि मलाही. तरी स्नानसंध्या आटोपून, पोथीचे पान उघडून, परसदार सताड ठेवून मी आसनावर बसतो, आणि त्यांची पावले वाजेपर्यंत कळ दाबीत नाही.

वाचकहो, श्रीनारायण आपल्या घरचे घट भरलेले ठेवो, लेकरांबाळांना दीर्घायुष्य देवो, आणि आपल्या दारी रोज सकाळी असे एक माणूस येवो, की ज्याच्यावाचून दिवसाचा आरंभ करू नये असे आपणांस वाटावे. शुभं भवतु.