भिवातात्यांचं तेलयुद्ध

आमच्या लासुर्ण्यात कुणाचंही भांडण जुंपलं की भिवातात्या आधी जमिनीकडे बघतात. भांडणाऱ्यांकडे नाही. नळावर दोन जावा एकमेकींचा उद्धार करत असोत, नाहीतर टीव्हीवर कुठल्याशा परक्या शहरावर विमानं घिरट्या घालत असोत, तात्या टोपी मागे सारतात, पायाखाली बघतात आणि म्हणतात, "खाली काय हाय ते बघा."

खाली तेल असतं, असं त्यांचं ठाम मत. धर्म, लोकशाही, सरहद्द हे सगळं वरचं झाकण. इराक? तेल. कुवेत? तेल. लिबिया? तेल, आणि तेही चांगल्या प्रतीचं. अफगाणिस्तानात कुठं आलंय तेल, असं मी एकदा विचारलं. तर म्हणाले, तेल नसंल, पण पाइप न्यायला वाट तर लागते. वाटेवरच्या माणसालाही मार बसतोच.

मी शेजारीण आणि वर शाळेत भूगोल शिकवणारी, त्यामुळे गावात एवढं ऐकून घेणारी मी एकटीच. तात्यांनी एकदा माझ्याकडून शाळेचा जगाचा नकाशा मागून नेला. गावच्या पारावर बसून, कांदाभजी खाता खाता, त्यांनी पारावरच्या मंडळींना आखाती देश बोटानं दाखवले. नकाशा परत आला तेव्हा कुवेतपासून इराणपर्यंत कागदातून आरपार दिसत होतं. वर्गात एका मुलीनं विचारलं, तेव्हा हे तेलसाठे आहेत असं सांगून मी वेळ मारून नेली. पुढच्या काही दिवसांत डाग तुर्कस्तानापर्यंत गेला. मी नकाशा नेऊन तात्यांच्या पुढ्यात धरला. तात्यांना जराही लाज वाटली नाही. उलट खूश झाले. तेल असंच पसरतं म्हणाले.

मग उसापासून इथेनॉल करतात आणि ते पेट्रोलात मिसळतात, ही बातमी त्यांच्या कानावर गेली. तिसऱ्या दिवशी त्यांनी घरामागचा ऊस तोडायला घातला आणि तिथं ज्वारी पेरली. आता लासुर्ण्याचा नंबर लागणार, अशी त्यांची खात्री होती. कॅनॉलचं पाणी असताना ज्वारी पेरणारा माणूस बघायला लोक वाट वाकडी करून यायचे. "ज्वारीवर कुणी इमान पाठवत न्हाय," तात्या प्रत्येकाला सांगायचे. पारूकाकू, म्हणजे त्यांच्या घरच्या, तेव्हा जे बोलल्या ते मी इथं लिहू शकत नाही.

"माणसं नुसत्या रागानंसुद्धा लढतात, तात्या," मी एकदा म्हटलं.

"राग फुकट येतोय, म्याडम. रणगाडा फुकट चालतोय व्हय?"

हे सगळं शहाणपण आलं कुठून, ते गावाला माहीत होतं. तात्या स्वतः एका तेलयुद्धात उतरलेले होते, आणि ते युद्ध अजून मिटलेलं नव्हतं.

समोरची बाजू साहेबरावांची. ते एसटीत कंडक्टर होते, निवृत्तीनंतर विहारामागच्या आपल्या घरी राहतात. दोघं शाळेपासूनचे मित्र. तात्या लहानपणी बापाच्या मेंढरांमागे जायचे तेव्हा साहेबराव त्यांचा अभ्यास लिहून द्यायचे. म्हातारपणी दोघांनी मिळून एक जुनी मोटारसायकल घेतली. एक दिवस ह्याची, एक दिवस त्याची. एकदा तात्या नवा फेटा बांधून मोरगावला पुतणीच्या साखरपुड्याला निघाले आणि बारामतीच्या पुढं, माळावर, गाडी बंद पडली. टाकीत थेंब नव्हता. आदल्या दिवशी गाडी साहेबरावांकडे होती. भर उन्हात, फेट्यानिशी, तात्या गाडी ढकलत राहिले. साखरपुडा चुकला. गावात आल्यावर पारावर सगळ्यांदेखत ते जे बोलायचं ते बोलले.

तेव्हापासून अबोला. गंमत अशी, की गाडी कुणीच सोडली नाही. वाटा सोडला तर हरल्यासारखं झालं असतं. मग एक मुका तह झाला. संध्याकाळी गाडी दुसऱ्याच्या फाटकाशी लावायची, चावी डिकीत ठेवायची, एकदाच हॉर्न वाजवायचा आणि मागं न बघता चालत घरी यायचं. गाडी ताब्यात आली की तात्या ती दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवायचे आणि टाकीला कान लावायचे. आतलं पेट्रोल किती डुचमळतं त्यावरून शत्रू किती फिरला ते त्यांना कळायचं. मग "इंदापूरला जाऊन आलाय," असा अहवाल मला कुंपणावरून मिळायचा.

गेल्या हिवाळ्यात अहवाल बंद झाले. तात्या गाडी हलवत, ऐकत, पुन्हा हलवत. एका संध्याकाळी मला कुंपणाशी बोलावलं.

"म्याडम, तुमचा कान चांगला हाय. ऐका जरा. कमी झालंय का?"

मी ऐकलं. मला काही कळलं नाही.

"काल मी सोडली तवा जेवढं हुतं तेवढंच हाय," तात्या म्हणाले. "मागल्या पाळीलाबी तसंच. ह्यो कुठं जातच न्हाय." ज्या पेट्रोलसाठी ह्या माणसानं गाव डोक्यावर घेतलं होतं ते वाचत होतं, आणि त्यांचा चेहरा उतरला होता.

मी साहेबरावांकडे गेले. साखरेनं त्यांची नजर अधू झाली होती. डॉक्टरांनी गाडी चालवायची मनाई केली होती. तरी आपल्या पाळीला गाडी फाटकाशी घ्यायची आणि दुसऱ्या संध्याकाळी सुनेच्या मदतीनं ढकलत तात्यांच्या दारात नेऊन हॉर्न वाजवायचा, हे चालू होतं. भिवाला कळू देऊ नका, असं त्यांनी मला बजावलं. एवढ्याशा पेट्रोलसाठी इतकी वर्षं, असं मी म्हणाले तर ते हसले.

"पेट्रोलचं काय, म्याडम. माझी चूक हुती, भरायचं राहिलं. पण त्यो पारावर मला चोर म्हणाला. जन्मभर एसटीची थैली गळ्यात हुती माझ्या. परकं कुणी म्हणालं न्हाय, आन् भिवा म्हणाला."

मी नजरेचं तात्यांना सांगितलं नाही. शब्द दिला होता. पण कुंपणाशी जाऊन एवढं म्हटलं, की तात्या, तुमच्या भांडणाच्या खाली काय हाय ते एकदा बघा. तेल नाही तिथं. तुम्ही पारावर एक शब्द टाकलाय, तो आहे.

तात्यांनी सवयीनं खाली बघितलं. बराच वेळ वर बघितलंच नाही. मला वाईट वाटलं, पण मी बोललेलं मागं घेतलं नाही.

त्या रविवारी सकाळी साहेबरावांच्या फाटकाशी हॉर्न वाजला. मग पुन्हा वाजला. दुसरा हॉर्न म्हणजे तहाचा भंग, त्यामुळे अर्धी गल्ली बाहेर आली. साहेबराव काठी टेकत आले. तात्या फेटा बांधून गाडीवरच बसून होते. सगळ्यांदेखत म्हणाले, "चोर म्हणालो ते माझं चुकलं." मग सीटवर थाप मारून, "बस मागं."

साहेबरावांनी काठी सुनेकडे दिली आणि बसले. कुठं जाताय, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

दुपारी मी बारामतीला बाजारात होते. पारूकाकूंचा फोन आला. मोरगावहून परत येताना पेट्रोल संपलंय, उशीर होईल, एवढंच तात्यांनी घरी कळवलं होतं. पंपवाल्याची मनधरणी करून मी बाटलीत पेट्रोल घेतलं आणि स्कूटीवर निघाले. माळावर, त्याच जुन्या जागेच्या आसपास, दोघं दिसले. साहेबराव सीटवर हँडल धरून बसले होते, डोक्यावर तात्यांचा फेटा होता. तात्या उघड्या डोक्यानं, घामाघूम होऊन, मागून गाडी ढकलत होते आणि दोघं कुठल्याशा गुरुजींच्या नकला करून हसत होते. मला बघून दोघांनाही फारसा आनंद झाला नाही.

मी बाटली पुढं केली. साहेबराव उतरून बाभळीच्या सावलीत गेले, तेव्हा मी तात्यांना हळूच विचारलं, निघताना गाडी हलवून बघितली नव्हती का?

"बघितली हुती की."

"मग? बारामतीत एवढे पंप होते."

तात्यांनी बाटलीचं झाकण पुन्हा घट्ट लावलं आणि ती माझ्या डिकीवर ठेवली.

"हुते," म्हणाले, आणि साहेबरावांना पुन्हा सीटवर बसवायला गेले.