पूर्ण नावाची हाक

"बोक्याऽऽ, ताट वाढलंय रेऽऽ!"

ही आईची एक हाक. कौलांवरून घरंगळत, कुंपण ओलांडून ती गल्लीच्या टोकाला खेळणाऱ्या पोराच्या कानात अलगद येऊन बसायची. दुसरी हाक निराळी. तिच्यात पोराचं कागदावरचं नाव, बापाचं नाव आणि आडनाव अशी तिन्ही ओळीने असत, आणि ती आली म्हणजे आईच्या हातात काठी आहे हे वेगळं सांगावं लागत नसे. आडनाव पुरं होईतो बोका भिंतीपलीकडे. अंधार पडल्यावर तो मांजराच्या पावलांनी परत येई, तेव्हा काठी कोपऱ्यात असे आणि आई काहीबाही गुणगुणत भांडी घासत असे.

बोका मोठा झाला, दुकानांच्या पाट्या रंगवू लागला, मिशीत पांढरं डोकावू लागलं. त्याने जगाची नावं रंगवली. त्याला मात्र पूर्ण नावाने कोणी हाक मारली नाही. बायको 'अहो' म्हणे, मेहुणा 'भावजी', बाकी सगळे 'बोका'. सुरळीत चाललं होतं. मग एके दिवशी त्याची शिडी घसरली आणि खाली उभ्या असलेल्या दातांच्या डॉक्टरवर पडली. डॉक्टरचे स्वतःचे पुढचे दात गेले. फिर्याद झाली, मेहुणा जामीन राहिला आणि बोका घरी आला.

तारखेला तो इस्त्रीचा शर्ट घालून, जेवणाचा डबा घेऊन कोर्टाच्या दाराशी बाकावर बसला. वकील म्हणाले, "तुम्हाला काही करायचं नाही. पुकारा झाला की आत जायचं आणि उभं राहायचं. एवढं तर कोणालाही जमतं."

पुकारा करणारी शिपाईणबाई नवीन बदलून आली होती. तिने कमरेवर हात ठेवला, छाती भरून घेतली आणि हाक दिली. पहिल्या नावाला बोक्याने मान वर केली. वडिलांच्या नावाला तो उठला. मेहुण्याला वाटलं, भावजी आत निघाले. आडनाव संपलं तेव्हा बाकावर फक्त डबा होता.

"आत्ता तर इथे होता!" वकील म्हणाले.

"लघवीला गेले असतील," मेहुणा म्हणाला.

सरकारी वकील खिडकीशी उभे होते. "लघवीला माणूस कंपाउंडवरून उडी मारून जातो का?"

बोका भानावर आला तेव्हा भिंतीमागच्या सायकलच्या दुकानात, एका पायात चप्पल घालून उभा होता. वळसा घालून तो पुढच्या फाटकातून परत येईपर्यंत कागदावर तो फरार झाला होता आणि वॉरंटवर सही पडली होती.

"आता घरी जा," वकील कपाळाला हात लावून म्हणाले. "आत दिसलात तर आजच अडकवतील. मी अर्ज करतो."

अर्जाच्या आधी हवालदार आला. त्याने दारात उभं राहून वॉरंटवरचं नाव खणखणीत वाचलं. मागचं दार करकरलं.

"अहो, थांबा!" बायको आत ओरडली आणि मग हवालदारावर उखडली. "पूर्ण नावानं कशाला ओरडता हो? बोका म्हणा की!"

"बाई, सरकारी कागदावर बोका कसा लिहिणार?"

दोनदा पळाला म्हटल्यावर कोर्टाने मेहुण्याला बजावलं: आरोपीला हजर कर, नाहीतर त्याच्या जागी तू ये. मेहुण्याने आपल्या आणि भावजींच्या मनगटाला एकच दोरी बांधली. पुकारा होताच बोका उसळला. मेहुणा व्हरांड्यात थोडा घसरत गेला आणि मग नांगरासारखा रुतला. त्याच्या वजनाचा कुटुंबाला पहिल्यांदाच उपयोग झाला.

बोका आत उभा राहिला. मागच्या बाकावर त्याची म्हातारी आई येऊन बसली होती; नको म्हटलं तरी आली होती.

न्यायाधीश बाईंनी चष्मा पुसला. "जामिनावर असताना का पळालात? पुरेसं कारण असेल तर सांगा. नसेल तर जामीन रद्द. इथूनच कोठडीत."

"पोटात कळ आली म्हणा," वकील कुजबुजले.

बोक्याला खोटं जमेना आणि आईसमोर खरं बोलवेना. दोरी त्याने बोटाभोवती गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. शेवटी पायांकडे बघत म्हणाला, "आई मारेल म्हणून."

कोर्टात हशा उसळला. मेहुणासुद्धा हसला, आणि दोरीमुळे बोकाही हलला. बाई तेवढ्या हसल्या नाहीत.

"फार मारायची का?"

बोका विचारात पडला. असा हिशोब त्याला कोणी विचारला नव्हता. "तसं... सापडलोच नाही कधी."

"बघा!" सरकारी वकील उठले. "एकदाही मार नाही. म्हणजे कारणही नाही!"

बाईंनी पेन उचललं. तेवढ्यात मागून आवाज आला, "लिहू नका, बाई. त्याची भीती खरी होती. मीच घातली होती ती, मुद्दाम."

म्हातारी बाकाला धरून उठली होती.

"सापडत नव्हता म्हणे! शोधलंय कोणी? भिंतीमागे बसलेला असायचा, शेंडी दिसायची मला. तरी मी पुढे जायचे."

बोक्याचं तोंड उघडं राहिलं. बाईंनी पेन खाली ठेवलं. मग पुन्हा उचललं आणि लिहून घेतलं: कारण पुरेसं, वॉरंट रद्द, जामीन कायम. शिपाईणबाईंना म्हणाल्या, "पुढच्या तारखेला यांना नुसतं बोका म्हणा."

पण त्यांची नजर आजींवरच होती. "हे लिहून घेत नाही, आजी. पण पोराला असं मुद्दाम का पळवायचात?"

म्हातारीने लेकाकडे पाहिलं. मग दाराबाहेरच्या उन्हाकडे.

"सासूबाई उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू द्यायच्या नाहीत. पोर हरवलं म्हटलं की मात्र सोडायच्या. मग मी काठी घेऊन निघायचे ती थेट मैत्रिणीच्या ओट्यावर." तिचा आवाज खाली आला. "पळायचं मला असायचं, बाई. पाय तेवढे त्याचे."