देवमनभाऊंची राखीव खुर्ची

आमच्या कारंज्यात कुणाचं लग्न असो, बारसं असो की मयत, देवमनभाऊ येतात ते स्वतःची खुर्ची घेऊन. लाल प्लास्टिकची, सायकलच्या कॅरिअरला सुतळीनं बांधलेली. पाठीवर पांढऱ्या ऑइलपेंटनं मोठ्या अक्षरांत लिहिलंय, 'राखीव'. भाऊ ती दाराजवळ, वारा लागेल अशा जागी मांडतात आणि शेजारी उभे राहतात. स्वतः बसत नाहीत, दुसऱ्याला टेकू देत नाहीत. कुणी नवखा पाहुणा बसायला गेलाच, तर खिशातून तिकिटाला भोकं पाडायचा जुना पंच निघतो आणि खुर्चीच्या पाठीवर वाजतो, टक टक टक.

"उठा. सीट रिकामं हाये म्हनजे फुकट हाये असं नाई."

एका मयतीत त्यांनी गेलेल्या माणसाच्या सख्ख्या व्याह्यालाच असं उठवलं होतं. तेव्हापासून ते व्याही कुठंही गेले की आधी देवमनभाऊ आलेत का ते पाहतात, मग बसतात.

भाऊ एस.टी.त कंडक्टर होते. कारंजा-वाशिम हीच त्यांची गाडी. लोक टपावर बसायला निघाले तरी अपंगांसाठी राखीव असलेलं सीट ते रिकामं ठेवायचे. गाडीत एकही अपंग नसला तरी. लोक शिव्या घालायचे, तक्रारी करायचे. मीही एकदा त्या सीटसाठी त्यांच्याशी भांडले होते. तेव्हा मी शाळेत शिकवत होते, तब्येत ठणठणीत होती आणि हातात तपासायच्या वह्यांचा गठ्ठा होता. भाऊ म्हणाले, "बाई, लंगड्या मानसाले गाडीत चढाले येळ लागते. तो चढेपरेंत सीट रिकामं पाह्यजे. त्याची अर्धी जिंदगी लोकायले 'जरा सरका' म्हनन्यातच चालली."

मला तेव्हा ते पटलं नाही. माझ्या हातातल्या वह्या मला जास्त जड वाटत होत्या.

पुढं भाऊ निवृत्त झाले आणि योगायोगानं माझ्या शेजारच्याच घरात राहायला आले. एकटेच होते. बायको आधीच वारलेली, मूलबाळ नाही. तोवर माझ्या दोन्ही किडन्यांनी राम म्हटला होता. दर मंगळवारी आणि शुक्रवारी वाशिमला जाऊन डायलिसिस करून घ्यायचं. एक वार चुकला की अंगावर सूज, दोन चुकले की कारभार आटोपला. डॉक्टरांनी हे इतक्या गोड आवाजात सांगितलं होतं की मी आधी त्यांचे आभारच मानले.

आता ही खुर्ची नक्की कुणाची, याबद्दल गावात मोठी गंमत होती. कडक कंडक्टर म्हणून भाऊंची ख्याती, पण कुणी नुसतं "भाऊ, मले बरं नाई" म्हटलं की ते तत्काळ खुर्ची पुढं करायचे. काय होतंय, कधीपासून होतंय, कागद आहे का, एक शब्द विचारायचे नाहीत. ही चावी लोकांना लवकरच सापडली. लग्नात चार ताटं जेवलेला माणूसही छातीवर हात ठेवून यायचा आणि "मले बरं नाई" म्हणून आरामात बसायचा. मी एकदा चिडून म्हटलं, "भाऊ, हा तुम्हाला उल्लू बनवून राह्यला."

"मालूम हाये."

"मग काहून बसू देता?"

"बसू द्या, बाई. शंभरातला एक तं खरा असंन." एवढं बोलून ते पंच पुसायला लागले.

मग करोना आला आणि गाड्या बंद झाल्या. पहिला शुक्रवार हुकला. मंगळवारपर्यंत पाय असे सुजले की चप्पल चढेना. पुण्याचा भाचा फोनवर "काळजी घे मावशी" म्हणत होता. काळजी घेऊन वाशिमला जाता येत नाही, हे त्याला कसं सांगावं, मला सुचेना. गल्लीतली माणसं माझ्या दारावरून जाताना पलीकडच्या कडेनं जायला लागली. मी आजारी आहे म्हणजे त्यांना काहीतरी लागेल असं त्यांना वाटत होतं. खरं तर मलाच त्यांची भीती होती. साधा खोकलासुद्धा मला परवडणारा नव्हता. फार राग यायचा, आणि राग काढायला समोर माणूसही नसायचा.

त्या मंगळवारी सकाळी दारात पंच वाजला. टक टक टक. भाऊ तोंडाला उपरणं बांधून उभे होते. धान्याच्या दुकानाचा टेम्पो वाशिमला जात होता, त्याचा पासही होता. मागच्या उघड्या हौद्यात तुरीची पोती, आणि एका कोपऱ्यात दोरानं चारही बाजूंनी आवळलेली लाल खुर्ची.

"डायवरच्या बाजूले बसाचं नाई. बंद जागा हाये थे," भाऊ म्हणाले. "इथं हवा खेळती हाये. चला."

मी स्टुलावरून कशीबशी चढले. भाऊंनी टेपनं सहा फूट मोजले, हौद्याच्या फळीवर खडूनं रेघ मारली आणि रेघेपलीकडं जाऊन उभे राहिले. मग सवयीनं पोत्यांवर ओरडले, "आत सरका, आत सरका!" पोती सरकली नाहीत. भाऊंनी कॅलेंडरच्या कागदाचं एक चतकोर फाडलं, त्याला पंचानं दोन भोकं पाडली आणि काठीच्या टोकाला लावून माझ्यापर्यंत पोचवलं. "जपून ठेवा. चेकिंग येईन."

चेकिंग आलंच. नाक्यावर पोलिसानं टेम्पो अडवला आणि माझ्याकडं बराच वेळ पाहत राहिला.

"हे काय हाये?"

"राखीव सीट," भाऊ म्हणाले.

"अन् तुमी कोन?"

"कंडक्टर."

मी दवाखान्याची फाईल पुढं केली. भाऊ म्हणाले, "बाई, तिकीटबी दाखवा." पोलिसानं फाईल वाचली, तिकीट वाचलं आणि बाजूला झाला. पुढंपुढं तो लांबूनच विचारायचा, "तिकीट काढलं ना, बाई?"

मंगळवार, शुक्रवार, मंगळवार, शुक्रवार. मी खुर्चीत, भाऊ उभे. वय साठीच्या पुढचं, रस्ता खड्ड्यांचा, पण एकदाही बसले नाहीत. कारंज्यापासून मंगरूळपीरपर्यंत अखंड बडबड, आणि मंगरूळपीर आलं की एकदम गप्प. वाशिमपर्यंत शब्द नाही. मला वाटायचं, दमले असतील. दवाखान्यात मंगळवारी शेजारच्या खाटेवर दिसलेला माणूस शुक्रवारी नसायचा. नर्स चादर बदलायची. परतताना मी रडत असले तर भाऊ तोंड फिरवून पोती मोजायचे.

मी वाचले. लशी आल्या, गाड्या सुरू झाल्या, लोकांनी मास्क खुंटीला टांगले. भाऊ मात्र माझ्या दारात येताना अजूनही मास्क लावतात. पोरं हसतात, "भाऊ, करोना गेला ना!" भाऊ विचारतात, "कोनासाठी गेला?"

लोकांनी मला बोलावणं मात्र तेव्हा जे बंद केलं, ते बंदच राहिलं. "तुम्हाला कशाला उगाच त्रास," असं म्हणतात. किती प्रेमानं म्हणतात! पत्रिका येते, आग्रह येत नाही. म्हणून गेल्या महिन्यात शिरपूरला भाऊंच्या पुतण्याचं लग्न निघालं, तेव्हा त्यांनी मला न विचारताच माझं जाणं ठरवून टाकलं. खुर्ची मांडवाच्या उघड्या बाजूला मांडली, मला बसवलं आणि शेजारी उभे राहिले. कितीतरी दिवसांनी मी अक्षता टाकल्या. नवरीपर्यंत एकही पोचली नाही, सगळ्या समोरच्या टोपीवर पडल्या, पण मला फार बरं वाटलं.

मंगलाष्टकं संपता संपता पाहिलं, तर भाऊंचा चेहरा पांढरा पडलेला. हात मांडवाच्या खांबावर, अंगाचा भार त्याच्यावरच. मी म्हटलं, "भाऊ, बसा इथं." आणि खुर्चीतून उठले.

"उठू नका!" भाऊ ओरडले. मांडवातली माणसं वळून पाहायला लागली. "उठू नका, बाई. हात जोडतो. बसा. बसा तुमी."

इतकी वर्षं माणसांना उठवणारा हा माणूस हात जोडून मला बसायला सांगत होता. मी घाबरून बसले. बँड सुरू झाला, लोक जेवणाच्या पंगतीकडं वळले. भाऊ खांबाला धरून उभे होते. मग माझ्याकडं न पाहता बोलायला लागले.

"कमल होती. माही बायको. छातीत दुखे तिच्या. वाशिमले डॉक्टरकडं चालली होती, माह्याच गाडीनं. गाडी खच्चून भरली होती. राखीव सीट रिकामं, तं थे बसली तिथं. लोक माह्याकडं पाहून राह्यले होते. कंडक्टरची बायको, राखीव सीटवर. मी म्हटलं, हातपाय धड हायेत तुहे. अपंगाचं कार्ड हाये काय? उठ."

"मग?"

"उठली. वरची दांडी धरली. मंगरूळपीरले गाडी रिकामी होईन, तवा बसवीन म्हटलं. मंगरूळपीरले आनखी भरली. वाशिमपरेंत उभी राह्यली. अन् सीट तसंच रिकामं गेलं, बाई. कोनीच नाई बसलं त्याच्यावर."

चार महिन्यांनी ती गेली. त्या दिवशीच्या उभं राहण्यानं काही फरक पडला नव्हता, असं डॉक्टर म्हणाले होते, हेही भाऊंनीच सांगितलं. मी म्हटलं, "मग खरंच असंन ते, भाऊ."

"डॉक्टरले काय मालूम? तो कुठं गाडीत होता?"

मग ते म्हणाले, "संध्याकाळी घरी आलो, तं तेल गरम करून बसली होती. मले म्हने, दिवसभर उभे असता तुमी, पाय दुखले असतीन."

भाऊंनी खांब अजून सोडला नव्हता. "बसा" म्हणून ते बसणार नाहीत, हे मला कळलं होतं. मी मांडवाची एक साधी खुर्ची पायानं ओढून माझ्याजवळ घेतली.

"भाऊ, मले बरं नाई," मी म्हटलं. "कोनी जवळ बसलं तं बरं वाटन."

भाऊंनी माझ्याकडं पाहिलं. मी खोटं बोलतेय हे त्यांना चांगलं कळलं होतं. त्यांनी काय होतंय ते विचारलं नाही, कागद मागितला नाही. मास्क नीट केला, ती साधी खुर्ची हातभर लांब सरकवली आणि बसले.